पाचव्या महिन्यातली मदत

मूल भाजलं की पहिल्या आठवड्यात वॉर्डाबाहेर माणसं मावत नाहीत. मामा-मावश्या, शेजारी, शाळेतल्या बाई, शहाळी, सफरचंदं, आणि आत जाण्याच्या पासवरून वॉचमनशी हुज्जत. संकटात धावून जायची आपल्याकडची ही रीत चांगलीच आहे. पण डिस्चार्ज मिळाला की ही गर्दी पांगते, आणि माझ्या मते घराला माणसांची खरी गरज त्याच दिवसापासून लागते.

लहान मुलं भाजतात ती बहुतेक वेळा फटाक्यांनी किंवा स्टोव्हच्या भडक्याने नव्हे, तर चहाने, वरणाने, आंघोळीसाठी काढून ठेवलेल्या कढत पाण्याने. त्यांची कातडी पातळ असते, त्यामुळे मोठ्या माणसाला जे पाणी वरवर पोळतं तेच मुलाला खोलवर भाजतं. मग मांडीची कातडी काढून जखमेवर लावतात, जखम भरते आणि नातेवाईक म्हणतात, ‘सुटला बिचारा.’

सुटलेला नसतो. खोल भाजलेल्या जागेचा व्रण पुढे कित्येक महिने जाड होत जातो आणि आकसतो. कोपर, काख, मान, बोटं अशी सांध्यावरची जागा असेल तर हात सरळ होईना, मान वळेना, अशी गत होते. हे टाळायला अंगाला घट्ट बसणारा प्रेशर गारमेंट घालावा लागतो, तोही दिवसाचे २३ तास आणि बऱ्याचदा वर्षभर किंवा त्याहून जास्त. आंघोळ आणि मालिश एवढीच सुटी. विदर्भातल्या मे महिन्यात चार वर्षांच्या पोराला तो घालून ठेवणं म्हणजे काय, हे त्या घरालाच विचारावं. शिवाय पोर वाढतं, कपडा वाढत नाही. पुन्हा मापं, पुन्हा पैसे. व्रणाची कातडीही अंगाच्या वेगाने वाढत नाही, म्हणून उंची झपाट्याने वाढायच्या वयात आखडलेली जागा मोकळी करायला पुन्हा ऑपरेशन करावं लागू शकतं. चौथ्या वर्षी झालेला अपघात कधीकधी दहावीपर्यंत चालतो.

आणि रोजचा व्यायाम. आखडू पाहणारा हात रोज ताणायचा, मुलाने कितीही आकांत केला तरी. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा-दोनदा भेटणार; उरलेले दिवस हे काम आईचं. ज्या बाईला आधीच ‘तुझं लक्ष कुठे होतं?’ असं दहा जणांनी विचारलेलं असतं, तिनेच पोराला रोज रडवायचं. बापाला हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. भेटायला जाणाऱ्यांनी ‘कसं झालं?’ हे विचारणं सोडलं, तरी त्या घरावर मोठे उपकार होतील. धाकटं भावंड या सगळ्यात आजोळी रवाना झालेलं असतं, शहाणं म्हणून. ते शहाणं नसतं, घाबरलेलं असतं.

सरकारी आधार नाहीच असं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भाजण्यावरचे उपचार बसतात. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. पण हे सगळं रुग्णालयाच्या बिलापुरतं. बुडालेली मजुरी आणि वर्षभर एसटीने मारलेल्या फेऱ्या त्यात येत नाहीत. राज्य सरकारने २०१८ साली १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, तीही मुख्यतः महिला कर्मचाऱ्यांना. म्हणजे शुश्रूषा बाईनेच करायची हे कागदोपत्रीही पक्कं झालं. वीटभट्टीवरच्या बाईला तर तीही नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिडहल्ल्यातल्या पीडितांची स्वतंत्र नोंद आहे. गरम पाण्याने भाजलेलं मूल मात्र हालचालीला कायमची बाधा आली तरच त्या कायद्यात येतं. चेहरा विद्रूप झाला, एवढं पुरत नाही.

चेहऱ्याचा प्रश्न शाळेत उभा राहतो. ‘पूर्ण बरा झाल्यावर पाठवा’ असं सांगणाऱ्या शाळेला, तो पूर्ण पूर्वीसारखा होणारच नाही, हे कळलेलं नसतं. बाईंनी मुलाला आणि आई-बापांना विचारून, तो यायच्या आदल्या दिवशी वर्गाशी दहा मिनिटं बोलावं: काय झालं, तो घट्ट कपडा कशासाठी, आणि हे कुणाला लागत नाही. मुलं विचारतात, उत्तर मिळालं की खेळायला लागतात. पालकसभेला जास्त वेळ लागतो.

तुमच्या ओळखीत असं घर असेल तर ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका. त्यांना सांगायला उसंत नसते आणि मागायचा संकोच असतो. एक ठरावीक वार उचला: त्या दिवशीची दवाखान्याची फेरी तुमची, किंवा डबा तुमचा, किंवा व्यायामाच्या वेळी धाकट्याला बाहेर नेणं तुमचं. यंदा फराळ घेऊन जाल तेव्हा पुढच्या तपासणीची तारीख विचारा आणि ती आपल्या घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.