बुद्धस्थळांची यात्रा: क्रमाचा प्रश्न

महापरिनिब्बानसुत्तात बुद्ध आनंदाला श्रद्धावंताने पाहावीत अशी चार ठिकाणे सांगतात: जन्माचे, संबोधीचे, पहिल्या उपदेशाचे आणि परिनिर्वाणाचे. म्हणजे लुंबिनी, बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर. सारेच अनित्य मानणाऱ्या धम्मात ठरावीक जागी जाण्याला अर्थ काय? सुत्ताची अपेक्षा अशी, की जागा पाहून माणूस आतून हलावा. यात्रेत प्रसन्न चित्ताने मरण आल्यास स्वर्ग मिळतो, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे पुण्याची ओढ मुळातच होती.

अशोकाने या यात्रेला वेगळे वळण दिले. पूर्वीचे राजे शिकारीसाठी विहारयात्रेला निघत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीच्या स्थळी गेला आणि धम्मयात्रा सुरू झाल्या, असे आठवा शिलालेख सांगतो. श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांना दान, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी धर्मचर्चा, असे त्यांचे स्वरूप होते. वाटेवरची माणसे टाळून फक्त स्तूप मोजत जाणारा आजचा आराखडा या कसोटीवर अपुराच ठरतो.

गाडीने जाताना बुद्धांच्या चरित्राचा क्रम पाळणे अवघड असते. लुंबिनीहून बोधगया, तेथून मागे सारनाथ आणि पुन्हा उत्तरेला कुशीनगर, असे शेकडो किलोमीटर उलटसुलट जावे लागते. वाराणसीहून निघून सारनाथ, बोधगया, राजगीर, नालंदा, पाटणा, वैशाली, केसरिया, कुशीनगर आणि शेवटी लुंबिनी हा मार्ग सोयीचा. त्यात परिनिर्वाण आधी आणि जन्म नंतर येतो, पण सुत्ताने दर्शनाचा क्रम बांधून दिलेला नाही. उलट राजगीर ते कुशीनगर हा टप्पा म्हणजे ऐंशी वर्षांच्या बुद्धांची शेवटची पायवाट. वैशालीजवळचा वर्षावास, तेथील आजारपण, पुढे पावा येथे चुंदाचे भोजन, हे सारे याच दिशेने घडले. सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा.

या जागाही काळाच्या तडाख्यातून सुटल्या नाहीत. बोधगयेचा आजचा पिंपळ मूळ वृक्ष नव्हे. लुंबिनीची ओळख शतकानुशतके हरवली होती. १८९६ मध्ये अशोकस्तंभावरील लेख सापडल्यावर ती पुन्हा पटली. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातून असंख्य कुटुंबे या वाटेला लागली.

डिसेंबर-जानेवारीत उत्तर प्रदेश-बिहारच्या मैदानात सकाळी दाट धुके असते, म्हणून पहाटेचे मोठे टप्पे टाळावेत. लुंबिनी नेपाळमध्ये असल्याने सोनौलीच्या सीमेवर भारतीय गाडीसाठी भन्सार (सीमाशुल्क) भरण्यात वेळ जातो. कुशीनगर आणि लुंबिनी एका दिवसात उरकता येतात, परंतु प्रत्येकाला स्वतंत्र दिवस ठेवणे योग्य.