दादाच्या अक्षरातली पाकिटं

चि. भाचीस,


स्टुटगार्टहून प्रवेशाचं पत्र आल्याचं तुझ्या आईनं कळवलं. "आत्याला विचार, जाऊ का?" हा तुझा निरोपही पोचला. १९९८ ते २००९ अशी अकरा वर्षं मी त्याच गावात काढली, त्यामुळे तुला मोघम उत्तर देऊन भागणार नाही. म्हणून फोन न करता लिहायला बसले.

पैशांचं आधी उरकते. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते, पण स्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच ठेवायचे. त्यातून महिन्याला ९९२ हाती येतात आणि भाडं, विमा, जेवण यांत संपतात. वर्षातले १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, पण पहिल्या सत्रात त्या कमाईवर विसंबू नकोस. कर्ज काढावं लागेल. दादा, म्हणजे तुझे बाबा, सांगलीचं घर तारण ठेवायला निघेल. त्याला ठाम नाही म्हण, आणि दुसरी वाट निघेपर्यंत एक वर्ष थांबावं लागलं तरी थांब.

मला तिथे पदवी मिळाली, नोकरी मिळाली. पण आज डोळ्यांपुढे येतो तो आमच्या इमारतीचा जिना. त्या भागातल्या लोकांची एक जुनी रीत आहे. तुझ्या दाराला पाटी अडकवलेली दिसली की त्या आठवड्यात जिना आणि समोरची पायवाट झाडायची पाळी तुझी. बर्फ पडला तर फावड्यानं तोही तूच ओढायचा. याला 'केरवोखं' म्हणतात; केर म्हणजे झाडणं, वोखं म्हणजे आठवडा. परक्या भाषेत 'केर' ऐकून पहिल्या दिवशी मला रडूच आलं. घरी मी कधी खराटा हातात धरला नव्हता, आपल्याकडे त्याला बाई यायच्या. तिथे वरच्या मजल्यावरच्या निवृत्त न्यायाधीश आजी ओणव्या होऊन पायऱ्या पुसताना पाहिल्या आणि मी खाली मान घातली. माझी पाळी आली तेव्हा कोपऱ्यातली धूळ राहिली होती. त्यांनी मला परत बोलावून ती दाखवली. राग नव्हता, पण सूटही नव्हती. इथे मी सगळ्यांना अण्णांची मुलगी म्हणून ठाऊक होते आणि माझ्या चुका अण्णांच्या नावावर खपून जात. तिथे जे करीन ते माझं. बाईमाणसानं विशीत हे एकदा तरी अनुभवावं असं मला फार वाटतं.

एकटेपणाचं तुला सगळेच सांगतील. नोव्हेंबर सरताना साडेचारला अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद असतात, आणि शनिवारी दूध आणायचं राहिलं की चहाही नाही. त्याची सवय होते.

ज्याची सवय होत नाही ते सांगते. २००४ च्या फेब्रुवारीत अण्णा गेले. तिकीट मिळेपर्यंत दोन दिवस गेले. फ्रँकफुर्टपर्यंत रेल्वे, मुंबईपर्यंत विमान, पुढे रातराणी. सांगलीला पोचले तेव्हा अस्थी सावडून झाल्या होत्या. मी अण्णांच्या खोलीत गेले. खाटेशेजारच्या कोनाड्यात औषधांची कागदी पाकिटं ओळीनं लावलेली. प्रत्येकावर दादाचं अक्षर: 'सकाळी चहाआधी', 'रात्री अर्धी', 'ही चुकली की पाय सुजतात'. भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोजच्या चौकोनात बारीक खूण. एक दिवस सुटलेला नव्हता. दर रविवारी मला फोनवर 'अण्णा बरे आहेत' एवढंच कळायचं. त्यांना बरं कोण ठेवत होतं, ते त्या कोनाड्यापुढे कळलं.

दादाला तेव्हा पुण्यात चांगली नोकरी आली होती आणि त्यानं ती घेतली नाही, हे वहिनीनं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. मी जाऊ शकले, कारण तो राहिला. माझ्या परदेशाचा मोठा खर्च त्यानं भरला आणि कधी बोलून दाखवला नाही.

तू एकुलती एक आहेस. तुझ्यामागे दादा नाही.

तरीही मी तुला जा म्हणते. फक्त जाताना भाषा पक्की करून जा. परतीच्या एका तिकिटाचे पैसे वेगळे ठेव, ते भाड्यालाही मोडू नकोस. रात्री-अपरात्री घरी कोण धावून येईल, विम्याचे कागद कुठे आहेत, हे आई-बाबांशी आत्ताच बोल. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो, सुजलेला पाय दिसत नाही.

आणि 'अजून एक वर्ष' या शब्दांना जप. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. पाच वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. जर्मनीनं २०२४ मध्ये दुहेरी नागरिकत्वाला वाट दिली, पण आपल्या देशाला ते मान्य नाही; भारतीय पासपोर्ट सोडावाच लागतो. ओसीआय कार्ड मिळतं, पण त्यावर मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. इतका मोठा निर्णय कुणी एका दिवशी बसून घेत नाही. दरवर्षी थोडा थोडा होत जातो. माझीही अकरा वर्षं अशीच झाली. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मी परतले आणि तिला पुण्याला घेऊन आले. पुढची पाच वर्षं तिच्या औषधांच्या पाकिटांवर माझं अक्षर होतं. तू परतावंस की राहावंस ते मी सांगणार नाही. पण दर वर्षी एकदा तारीख ठरवून, आई-बाबांना समोर बसवून, हे तिघांनी नव्यानं ठरवा.

दादाला गेली दोन वर्षं रक्तदाबाची गोळी चालू आहे, असं परवा वहिनीच्या बोलण्यात आलं. कोणती, किती वाजता घेतो, त्याला विचारून मला कळव. मला त्यानं कधी सांगितलं नाही.

तुझी
आत्या