नावाचे ऋण

नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजकुलाच्या मूर्ती होत्या. त्या आज नाहीशा झाल्या आहेत. वर कोरलेली नावे मात्र सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत. नाव आहे, धनी नाही!

याच सह्याद्रीच्या कुशीत जुन्नर-आंबेगावच्या कुकडी, मीना, घोड या नद्या उगम पावतात. डोंगरी ओढ्यांतील दगडांखाली मेफ्लाय या कीटकाची पिले वाढतात. पंख फुटल्यावर तो काही खात नाही; बहुधा दोन-चार दिवसांत खेळ आटोपतो. त्याची एखादी जात शास्त्राला अगदी अपरिचित निघते. तेथे धनी आहे, नाव नाही.

नवी जात ठरवताना अभ्यासक पंखांच्या शिरा, कल्ले, जबडे न्याहाळतात. पण रूप फसवे असते. पाण्यातले पिलू व हवेतला कीटक एकाच जातीचे, हे नुसत्या डोळ्यांना पटत नाही. उलट हुबेहूब दिसणारे दोघे परके निघतात. म्हणून जनुकातील साधारण ६५० अक्षरे वाचून दुसरी साक्ष काढतात.

या नावासाठी एक नमुना कुपीत कायमचा ठेवावा लागतो. ज्याला मोजके दिवस, त्याचे तेही दिवस आपण घेतो. हा अधिकार कोणी दिला? मला वाटते, हा अधिकार नव्हे, ऋण आहे. निनावी जीव नष्ट झाला तर काय गेले, हेही कळत नाही. नाव असले तर निदान त्याची बाजू मांडता येते. बारशाला आत्या नाव ठेवून मोकळी होते. आपल्याला तसे मोकळे होता येत नाही. ओढा निर्मळ वाहता ठेवला, तरच हे ऋण फिटेल. नाहीतर कुपीवरची चिठ्ठी म्हणजे आणखी एक नाणेघाट!