सोंगातले धैर्य

सोंगात दाखविलेले धैर्य खरे मानावे काय? गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनात प्रश्न टाकीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेत. ब्राझीलचे नाटककार ऑगस्तो बोआल (१९३१–२००९) त्याहीपुढे गेले: प्रेक्षकानेच नाटक थांबवावे, गांजलेल्याच्या जागी उभे राहून निराळे वागून पाहावे.

लातूरकडच्या आमच्या शाळेत मी हा खेळ मांडला. पाणवठ्यावर अडविणारा पाटील झाला वस्तीतला पोरगा. असा डाफरला की वर्ग चिडीचूप! अखेर अडविलेल्याच्या जागी पाटलांचाच नातू येऊन उभा राहिला. घागर त्याने सोडली नाही. टाळ्या पडल्या.

मधल्या सुटीत मात्र शाळेचा माठ टाळून तो पाणी प्यायला घरी गेला. "नाटकच ते, गुरुजी!" सहकारी हसले. पण घागर धरताना त्याचे हात कापत होते. लटक्या सोंगाला असे कापरे भरत नाही.

दुसऱ्या दिवशीही तो घरीच गेला; माठापाशी जरा घुटमळून.