गुण्या कोणाच्या हातात?

हैदराबादमधल्या मल्लेपल्लीच्या सरकारी आयटीआयमध्ये जून २०२४ मध्ये एका मोठ्या योजनेची पायाभरणी झाली. टाटा टेक्नॉलॉजीजशी करार करून तेलंगणातल्या ६५ सरकारी आयटीआयचं रूपांतर ‘अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी सेंटर’मध्ये करायचं, त्यासाठी सुमारे २,३०० कोटी रुपये खर्चायचे, सीएनसी यंत्रं आणि रोबो बसवायचे, असा हा बेत. पाठोपाठ ऑगस्टमध्ये यंग इंडिया स्किल्स युनिव्हर्सिटीची कोनशिला बसली आणि आनंद महिंद्रा तिच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. कामगार घडवणाऱ्या शिक्षणाकडे सरकार आणि उद्योग यांचं एकाच वेळी लक्ष जावं, ही स्वागताचीच गोष्ट आहे. पण या सगळ्या चर्चेत एक समज कुणीही तपासून पाहत नाही: यंत्रं आली, प्रात्यक्षिकाचे तास वाढले की वर्ग आपोआप जिवंत होतो.

वर्ग सक्रिय करण्याचे इतरही उपाय सुचवले जातात. बाकं गोलाकार मांडून गटचर्चा घ्या, असं सांगणाऱ्यांनी वेल्डिंगच्या शेडमध्ये एक दुपार घालवावी. भिंतीवरचा डिजिटल फळा हा शेवटी फळाच. आणि जुन्या उस्ताद-शागिर्द परंपरेची आठवण काढणारे, ती परंपरा किती जणांना जातीमुळे दाराबाहेर ठेवत होती, हे सोयीस्करपणे विसरतात.

खरा मुकाबला प्रात्यक्षिकालाच सक्रियता मानणाऱ्या पहिल्या मताशी आहे, कारण ते समंजस माणसं मांडतात. प्राचार्य मांडतात, कारखानदार मांडतात, कधी कधी स्वतः निदेशकही मांडतात. त्यांचं म्हणणं असं: सक्रिय अध्ययन वगैरे भानगड कॉलेजांसाठी ठीक आहे, तिथे मुलं तासन्तास व्याख्यानं ऐकतात. आयटीआयचा मुलगा पहिल्या दिवसापासून हातात कानस धरतो. त्याचा वर्ग मुळातच सक्रिय आहे, तिथे शिक्षणशास्त्र कशाला आणायचं?

कॉलेजांबाबत हे खरं आहे. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले. निव्वळ व्याख्यानांच्या वर्गात नापास होणाऱ्यांचं प्रमाण सरासरी ३४ टक्के होतं, सक्रिय वर्गात २२ टक्के. पण ही तुलना व्याख्यानाशी होती. आयटीआयचा आजार व्याख्यानाचा नव्हेच. २०२२ च्या अभ्यासक्रमात वर्षाच्या १,२०० तासांपैकी ८४० तास ट्रेड प्रॅक्टिकलचे आहेत. हात चालल्यानं डोकं चालत असतं, तर इतक्या तासांनंतर बाहेर पडणाऱ्या मुलांबद्दल ‘सांगितलं तेवढंच करतो’ ही तक्रार ऐकू आली नसती.

फिटरच्या सेक्शनमध्ये जाऊन जरा जवळून पाहावं. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये धरलेला आहे, दोन बाजू एकमेकींना काटकोनात आणायच्या आहेत. मुलगा कानस मारतो, घाम पुसतो आणि जॉब घेऊन टेबलाकडे जातो. ‘‘सर, बघता का?’’ सर काटकोन तपासायचा गुण्या लावतात, जॉब उजेडासमोर धरतात. एका टोकाला उजेडाची बारीक रेघ दिसते. ‘‘इथे उंच आहे. अजून मार.’’ मुलगा परत जातो, चार हात मारतो आणि पुन्हा टेबलाशी येतो. दुपारपर्यंत जॉब होतो, रजिस्टरमध्ये गुणही पडतात. या साऱ्या वेळात मुलाचे खांदे दुखले, मनगट तयार झालं, कानशीचा तोल जमला. यातलं काहीही कमी लेखण्यासारखं नाही. पण पृष्ठभाग कुठे उंच आहे, किती काढायचं, कधी थांबायचं, यातला एकही निर्णय त्यानं घेतला नाही. ते तिन्ही सरांनी घेतले. एका तुकडीत वीस मुलं असतात, म्हणजे सर दिवसभर वीस जणांसाठी डोळे होऊन बसतात आणि वीस जणांचे स्वतःचे डोळे अशिक्षित राहतात.

कृती आणि निर्णय यांतला हा फरक एकदा ध्यानात घेतला की बरंचसं धुकं विरतं. मुलगा काय करतो यावरून वर्ग सक्रिय ठरवता येत नाही. काम बरोबर झालं की चुकलं, हे आधी कोण ठरवतं, त्यावरून ते ठरतं. कामाबरोबर विचार शिकवण्याची भाषा आपल्याला नवी नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर गांधीजींच्या नई तालीमचा आराखडा ज्यांच्या समितीनं केला, ते झाकिर हुसेन जन्मानं हैदराबादचेच. नई तालीमची पुढे बऱ्याच ठिकाणी निव्वळ सूतकताई झाली, तीही याच कारणानं. टकळी मुलाच्या हातात आली, पण सूत कसं उतरलं याचा निवाडा गुरुजींकडेच राहिला.

यावर निदेशकांचा आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. नवख्याला मोकळं सोडलं तर तो माल वाया घालवतो, चुकीची सवय लावून घेतो, आणि विजेच्या कामात जीव गमावतो. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये नेमकं हेच मांडलं: नवशिक्याला मार्गदर्शनाशिवाय शोधायला लावणं हा शिकवण्याचा वाईट मार्ग आहे. ते मान्यच केलं पाहिजे. आपल्या निदेशकांना शिकवली जाणारी चार टप्प्यांची पद्धत, म्हणजे पूर्वतयारी, सादरीकरण, उपयोजन आणि चाचणी, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या जहाजबांधणीसाठी कामगार घडवणाऱ्या चार्ल्स अ‍ॅलननं १९१९ मध्ये पुस्तकात मांडली. तीही टाकाऊ नाही. दाखवलं पाहिजे, सावकाश दाखवलं पाहिजे, दोनदा दाखवलं पाहिजे. तक्रार आहे ती चौथ्या टप्प्याबद्दल. चाचणी ही निदेशकाची मक्तेदारी आहे, असं आपण विनाकारण धरून चाललो आहोत.

आणि निर्णय घ्यायला लावणं म्हणजे मोकाट सोडणं नव्हे. जिन्याच्या वायरिंगचा बोर्ड घ्या. दोन टू-वे स्विच, एक दिवा. आकृती पाहून वीसच्या वीस मुलं तो जोडतात. निम्मी तर शेजाऱ्याच्या बोर्डाकडे पाहून. आता निदेशकानं एका बोर्डात गुपचूप दोष ठेवावा. वरचा स्विच एका बाजूला असेल तेव्हाच खालच्या स्विचनं दिवा लागतो-विझतो; दुसऱ्या बाजूला असेल तर काही केल्या लागत नाही. हात लावायचा नाही, सप्लाय बंद. प्रत्येकानं आधी वहीत लिहायचं: दोष कुठे, आणि कशावरून? काही जण बल्ब लिहितील. बल्ब कधीतरी लागतोय, मग तो गेलेला कसा? होल्डर लिहिणाऱ्यालाही हाच प्रश्न. दोन स्विचांना जोडणाऱ्या दोन तारांपैकी एक तुटली असणार, इथपर्यंत पोचेस्तोवर मुलांची जी वादावादी होते, ती खरी सक्रियता. मग सप्लाय बंद ठेवूनच मल्टिमीटरनं कंटिन्युइटी तपासायची. एक इंचही माल वाया गेला नाही, कुणाला झटका बसला नाही.

निर्णय शिकणाऱ्याच्या हाती देण्याची हैदराबादला जुनी ओळख आहे. युसूफगुड्यातल्या लघुउद्योग संस्थेत, जी आज एनआय-एमएसएमई म्हणून चालते, १९६४ मध्ये हार्वर्डच्या डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या मदतीनं काकिनाड्याच्या व्यापारी-उद्योजकांचं निवासी प्रशिक्षण झालं. त्या पद्धतीत रिंग फेकण्याचा एक खेळ होता. रिंग खुंटीत अडकवायची, पण कुठे उभं राहायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. अगदी जवळ उभं राहणाऱ्याला काही कळत नाही, फार लांब जाणाऱ्यालाही नाही. आपला अंदाज आणि आपला निकाल समोरासमोर येतात. त्या प्रयोगातून काढलेल्या निष्कर्षांवर पुढे वाद झाले, ते असोत. रिंग फेकण्याच्या कौशल्यापेक्षा अंतर ठरवण्याला महत्त्व देणारी रचना मात्र अचूक होती. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबागांनी विज्ञान आश्रम सुरू केला, तिथेही मुलांनी गावाला लागणारी खरी कामं करायची होती. गावकऱ्याला हवी असलेली वस्तू नीट बसली की नाही, हा निवाडा गुणपत्रिकेच्या बाहेर होतो आणि मुलाला स्वतःलाच आधी करावा लागतो.

नवी यंत्रं हा प्रश्न सोडवणार नाहीत, उलट तीव्र करतील. सीएनसी लेथवर शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर हवा आणि मापात आला २५.०४. टूल झिजलं म्हणून ऑफसेटमध्ये ०.०४ वजा करायचे? की मोजताना जबड्यात चिप अडकली होती? की आणखी एक पीस काढून पाहायचा? यंत्रावर माणसाकडे उरलेलं काम एवढंच, आणि तेच अवघड. ऑफसेट निदेशकानं भरला आणि मुलानं फक्त ‘सायकल स्टार्ट’ दाबलं, तर कोट्यवधींच्या यंत्रासमोरही तो तितकाच निष्क्रिय आहे. कानशीच्या काळात न शिकलेला निवाडा निदान अंगमेहनतीखाली झाकला जात होता. आता तो झाकला जाणार नाही.

मराठवाडा एकेकाळी हैदराबाद संस्थानातच होता, आणि आजही नांदेड, लातूर भागातली मुलं कामासाठी हैदराबाद गाठतात. मराठवाड्यातल्या आयटीआयमध्येही हाच राष्ट्रीय अभ्यासक्रम चालतो. त्याच्या मूल्यमापनाच्या निकषांत कमीत कमी मदतीनं काम तडीस नेणाऱ्याला ९० टक्क्यांच्या वर गुण द्यायची सोयही आहे. ती वापरात यायची, तर जॉबच्या रजिस्टरात निदेशकाच्या मापाआधी एक रकाना हवा. मुलानं स्वतः गुण्या आणि व्हर्नियर लावून घेतलेलं माप तिथे लिहावं, चूक कुठे आहे तेही लिहावं, आणि दोन मापं किती जुळतात यालाही गुण असावेत. वाकडा जॉब करून ‘वाकडा आहे, डाव्या टोकाला’ असं अचूक लिहिणारा मुलगा, योगायोगानं सरळ जॉब केलेल्या मुलापेक्षा कारखान्याला अधिक उपयोगी आहे. मल्लेपल्लीसह ६५ केंद्रांनी येत्या तुकडीपासून हा रकाना सुरू करावा, आणि निदेशक घडवणाऱ्या विद्यानगर आणि रामंतापूरच्या राष्ट्रीय संस्थांनी तो पाठनियोजनात शिकवावा. महाराष्ट्रातल्या निदेशकांनी तर तेलंगणाची वाट पाहण्याचंही कारण नाही.