फास्ट : रुतलेल्या शब्दाला आलेली गती

‘फास्ट’ या इंग्रजी विशेषणाचा मूळ अर्थ वेगाच्या थेट उलट आहे. जुन्या इंग्रजीत तो शब्द घट्ट, पक्क्या, जागच्या न हलणाऱ्या वस्तूला लावत. जर्मनमधला त्याचा भाऊबंद ‘फेस्ट’ आजही त्याच अर्थावर ठाम आहे. इंग्रजीतही तो अर्थ पुरता गेलेला नाही. गाढ झोपलेला माणूस ‘फास्ट अस्लीप’ असतो. मराठी कचेऱ्यांत सर्रास ऐकू येणाऱ्या ‘हार्ड अँड फास्ट रूल’मधले ‘हार्ड अँड फास्ट’ तर खलाशांच्या बोलीतले. पाण्याखालच्या जमिनीत रुतून बसलेल्या जहाजाला ते तसे म्हणत. उपवासाचा ‘फास्ट’ही याच कुळातला : नेम घट्ट धरून ठेवणे. मराठी माणूसही उपास ‘धरतो’च.

न हलणारा शब्द धावू लागला तो क्रियाविशेषणाच्या वाटेने. घट्ट धरणे, मग नेटाने झुंजणे, मग नेटाने पळणे, असा तो मध्ययुगात सरकत गेला आणि नेट मागे पडून नुसता वेग उरला. विशेषणाने हा अर्थ मागाहून उचलला. हा प्रवास वाटतो तितका विचित्र नाही. फारसीतून आलेला ‘जोर’ मराठीत नेमके हेच करतो. ‘गाठ जोरात आवळ’ म्हटले की ताकद कळते, ‘गाडी जोरात चालवू नकोस’ म्हटले की वेग. आणि बोलणाऱ्याला यात काही वावगे वाटत नाही.

मुंबईच्या परिसरात ‘फास्ट’ रुळला तो लोकलमुळे. रेल्वेची उद्घोषणा ‘जलद’ आणि ‘धिमी’ म्हणते, फलाटावरचा माणूस ‘फास्ट’ आणि ‘स्लो’. पण इथे शब्दाने आणखी एक वळण घेतले. कल्याणच्या पुढे कर्जतच्या बाजूला लोकलसाठी जलद-धिम्या मार्गांच्या वेगळ्या जोड्या नाहीत, म्हणून मुंबईहून निघालेली बदलापूर फास्ट विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ अशी एकेक स्टेशने करत जाते. तरीही ती फास्टच. सिग्नलला अर्धा तास उभी राहिली तरी ‘आज फास्ट लेट आहे’ असे म्हणतात. म्हणजे या शहरांत ‘फास्ट’ वेग सांगत नाही, थांबे सांगतो. तेही कल्याणच्या अलीकडे गाळलेले. (बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या ठाण्यावरून पडले, असे सांगतात. खरे असेल तर घाईचा आणि या गावाचा संबंध रेल्वेच्याही आधीचा.)

जुना अर्थ मात्र त्याच मार्गावर उल्हासनगरला उतरला. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले आणि पुढे कापडाचा, तयार कपड्यांचा व्यापार तिची ओळख बनला. कापडाच्या दुकानात ‘कलर फास्ट आहे’ म्हणजे रंग पक्का, धुतला तरी न जाणारा. गिऱ्हाईक रुमालाचे टोक ओले करून कापडावर घासून बघते. रुमाल पांढरा राहिला तर रंग फास्ट. हजार वर्षांपूर्वीचा अर्थ इथे ओल्या रुमालावर तपासला जातो.

त्याच शहरातल्या जीन्सच्या धंद्यात मात्र हा गुण उलटा पडतो. डेनिमचा उभा धागा निळीत रंगवलेला, आडवा पांढरा. नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, वरवर बसते; म्हणून घासली की उतरते. वॉशिंगच्या कारखान्यात सच्छिद्र दगड किंवा विकरे घालून ती मुद्दाम उतरवतात, गुडघ्यावर-मांडीवर फिकट छटा आणतात आणि त्या छटेचेच जास्त पैसे लागतात. असे निळे पाणी वर्षानुवर्षे वालधुनी नदीत गेले. बाकीच्या कापडाला ‘फास्ट’ हे विशेषण लागावे म्हणून धडपड. जीन्सचा रंग मात्र फास्ट निघाला, तर वॉशिंगवाल्याला नव्या पँटवर जुनेपण आणताच येणार नाही.