आधी सांडव्यातल्या गोण्या काढा

परवा ग्रामसभेत तुमच्यातल्या एकाने माइक हातात घेऊन सांगितलं, "आता आमच्या संयमाचा बांध फुटलाय." टाळ्या पडल्या. पोरांनो, संयमाचं राहू द्या. आपल्या पाझर तलावाचा बांध खरोखर फुटायला आलाय आणि तो तुम्हीच पोखरलाय. हे तुमच्या तोंडावर सांगायला कोणी धजत नाही, म्हणून मी सांगतोय. मान वर करून ऐका.

काल बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. पायथ्याला जेसीबीच्या दातांचे ओरखडे अजून ताजे आहेत. तो मुरूम कोणाकोणाच्या जोत्यात पडला, तेही मला ठाऊक आहे. शासन गाळ न्या म्हणतं, तो तलावाच्या पोटातला. तुम्ही भरावाचा पायथाच नेलात! अस्तराचे दगड उचकटून गोठ्यात बसवलेत. उतारावर मांडीएवढ्या बाभळी झाल्यात, त्यांच्या मुळांच्या वाटेने पाणी आत शिरतं. आणि सांडव्यात वाळूच्या गोण्या! कशासाठी, तर मोटारीला चार दिवस पाणी जास्त मिळावं म्हणून. अरे, जादा पाण्याने सांडव्यातूनच जायचं असतं. ती वाट बुजवली की पाणी भरावावरून जातं, आणि मातीचा भराव एकदा वरून धुपायला लागला की तो कोणाच्या बापाला थांबवता येत नाही.

पायथ्याशी पाणी झिरपतंय. "सर, पाझर तलाव आहे, पाझरणारच," हे उत्तर मला देऊ नका. झिरपणारं पाणी नितळ असेल तर नजर ठेवून राहता येतं. काल मी ओंजळीत घेतलेलं पाणी गढूळ होतं. म्हणजे भरावाच्या आतली माती वाहून चाललीय, आत पोकळी होतेय. बाहेरून बांध जागच्या जागी दिसतो आणि एका रात्रीत बसतो.

2 जुलै 2019च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. वीसहून जास्त माणसं गेली. तिथल्या गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केली होती. तुम्ही साधा अर्जही केलेला नाही. 1961च्या जुलैत पानशेतचा भराव खचायला लागला, तेव्हा जवान रात्रभर त्यावर वाळूची पोती रचत होते. म्हणून पुण्यात लोंढा शिरला तो दिवसाउजेडी. वाळूची पोती तिथेही होती. ती कशासाठी होती आणि तुमची कशासाठी आहेत, याचा विचार करा.

लांबचं कशाला, 2021च्या ऑगस्टअखेरचा नंदिनी नदीचा पूर तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय. आखेगाव, वरूर, भगूरची काय दशा झाली होती? तेव्हा पंचनाम्यासाठी तलाठ्याच्या मागे धावलात ना?

मातीला दोष द्यायचा नाही. पैठणचं धरण मातीचंच आहे, सुमारे दहा किलोमीटर लांब, आणि 1976 पासून उभं आहे. त्याच्या फुगवट्याखाली आपल्याच तालुक्यातल्या लोकांच्या जमिनी गेल्या. माती टिकते, पण राखणारा लागतो. तुम्ही राखणारे राहिला नाहीत. सख्ख्या भावाचा बांध दरसाल नांगराच्या एकेका तासाने कोरायला लागलात, तेव्हाच तुमच्या लाजेचा बांध वाहून गेला. गावच्या तलावाची पाळी त्यानंतर आली. याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण तुम्ही माझ्या हाताखालून गेलेली पोरं आहात.

आता कामाचं ऐका. गोण्या आजच काढायच्या, उद्यावर ढकलायचं नाही. बाभळींना इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नका. खोड तोडलं आणि मुळं आत कुजली तर तिथेही पोकळीच राहते. गढूळ पाण्याचा अर्ज मी लिहून ठेवलाय, त्यावर सगळ्यांच्या सह्या हव्यात. पाऊस लागला की रात्री दोघा-दोघांनी बॅटरी घेऊन पायथ्याशी जायचं आणि पाणी वाढलं की वस्तीवरच्या लोकांना उठवायचं. आणि ज्याने ज्याने मुरूम नेला, त्याने तो आपल्या ट्रॅक्टरने, आपल्या डिझेलने परत आणायचा. नुसता ओतून पळायचं नाही. इंजिनिअर सांगेल तसा थराथराने पाणी मारून, रोलर फिरवून दाबायचा. मी तिथे उभा असेन.